दोन प्रोसेसर आणि वालाचं बी

कोरी पाकिटं आपोआप चिकटली, की समजावं श्रावण मुरला. लोणावळ्यात पाऊस आभाळाकडे बघून मोजायचा नसतो, कपाट उघडून मोजायचा असतो. बरणीत तांदळाचे दाणे टाकले तरी मिठाचा गोळा होतो. चपलांना आतून पांढरी लव येते. स्वयंपाकघराचं दार फुगून चौकटीत अडकतं आणि ते खांद्याने लोटावं लागतं. टपालाची पाकिटं मी टेबलाच्या डाव्या खणात ठेवते. आज सकाळी खण उघडला, तर सगळीच्या सगळी पत्रावाचून बंद. दर वर्षी असा एक दिवस येतो आणि त्या दिवसापासून माझ्या घरातला खरा मोसम सुरू होतो. मी त्याला बुरशीचा मोसम म्हणते.

नेमका आज सकाळीच, तन्मय, तुझा निरोप आला. सोबत रंगीत पट्ट्यांचा तक्ता. या वर्षी निघालेल्या प्रोसेसरची पट्टी पार कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. तू मला पाठवलेल्या कॉम्प्युटरमधल्या प्रोसेसरची पट्टी तिच्या निम्म्यावर थांबलेली. आणि सगळ्यांत खाली माझ्या जुन्या खोक्यातला प्रोसेसर, त्याची तर पट्टीच नाही, ठिपका. त्याखाली एक ओळ : "आजी, अजून चालू आहे का गं तो हीटर?" पुढे हसरं तोंड.

चालू आहे. हे त्याच्यावरच लिहिते आहे. आणि मराठीत लिहिते आहे. तुम्हा दोघा भावंडांना इंग्रजी लवकर वाचता येतं हे मला ठाऊक आहे, आणि मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे मलाही इंग्रजी जड नाही. पण ही गोष्ट हौसाची आहे, वालाच्या बियाची आहे, ती मला इंग्रजीत सांगायची नाही. ऋचाला अडेल तिथे तन्मयने वाचून दाखवावं. दोघांनाही अडलं तर फोन करावा. तेवढंच निमित्त.

आधी एक सांगून ठेवते. जुना कॉम्प्युटर म्हणजे आजी आणि नवा म्हणजे नातवंडं, असा अर्थ या लिखाणातून कुणी काढू नये. मी माणूस आहे आणि ते यंत्र आहे. माझा गुडघा दुखतो, त्याचा पंखा वाजतो. साम्य तिथेच संपतं. जुन्या वस्तूंवर माझा विशेष जीवही नाही. तुमच्या आजोबांचे कोट मी त्यांच्या माघारी महिन्याभरात वाटून टाकले होते, कारण कोट अंगात घालायला असतात.

गेल्या वर्षीच्या नव्हे, त्याच्या आधीच्या पावसाळ्याचं मी सांगते आहे. ज्येष्ठ संपत आला होता आणि कुरियरवाला एक खोकं देऊन गेला. आत पोळ्यांच्या डब्याएवढा कॉम्प्युटर. मला वाटलं, बाकीचा मागून येईल. तेवढाच होता. पाठोपाठ मिलिंदचा, म्हणजे तुमच्या बाबांचा, फोन. जुना घेऊन जायला पुण्याहून भंगाराची गाडी येणार होती. तो रीतसर मोडून त्याचे भाग वेगळे करणार होते. सगळं ठरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

"तुला त्रास नको म्हणून आम्हीच ठरवलं," मिलिंद म्हणाला.

माझ्या घरातून काय बाहेर जायचं ते माझ्या त्रासाचं निमित्त करून कुणी ठरवलेलं मला चालत नाही. मी त्याला सांगितलं, गाडी येऊ दे, पण निकाल चाचणीनंतर लागेल. तो हसला. विसरला असावा, की त्याच्या आईने वीस-बावीस वर्षं कारखान्याच्या चाचणी विभागात काढली आहेत. रबराच्या नळ्या ताणायच्या, तापवायच्या, गोठवायच्या आणि रकाने भरायचे. जे मोजलं नाही त्याबद्दल बोलायचं नाही, ही तिथली शिस्त. नळी दिसायला कितीही देखणी असली तरी रकाना रिकामा असेल तर ती पुढे जात नसे.

मग दोन्ही कॉम्प्युटर एकाच टेबलावर शेजारी शेजारी मांडले. मोठा तक्ता आखला. आजोबांचं शाळेच्या मैदानावरचं स्टॉपवॉच काढून त्याला किल्ली दिली. आठ दिवस हाच उद्योग.

पहिली चाचणी, सुरू होणं. जुन्याचं बटण दाबून मी चहा टाकला. चहा उकळला, गाळला, कप घेऊन टेबलाशी आले, तरी पडद्यावरचं गोल चक्र फिरतच होतं. नव्याचं बटण दाबलं आणि गॅस पेटवायला लायटर उचलला, तोवर तो तयार होऊन माझं नाव दाखवत होता. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पाहुणा अगदी वेळेवर यावा आणि आपलंच आवरलेलं नसावं, तसं.

पण आकडे पाहिल्यावर मी चमकले. जुन्याच्या कागदावर वेग तीन गिगाहर्ट्झ लिहिलेला. नव्याच्या कागदावर अडीच. मी लगेच फोन लावला.

"तन्मय, तुला फसवलंय. जुन्याचा आकडा मोठा आहे."

"आजी, गिगाहर्ट्झवर नसतं गं ते. तो नुसता ठोका. एका ठोक्यात काम किती उरकतं ते बघायचं. शिवाय जुन्यात दोन कोर आहेत, नव्यात सहा. कॅश मोठा आहे..."

"मराठीत सांग."

"मराठीत कसं सांगू? शब्दच नाहीत."

त्या वेळी हौसा माझ्यासमोर जमिनीवर बसून चहा पीत होती. हौसा लोहगडवाडीची. गडाच्या पायथ्याशी तिची टपरी आहे. गड चढून आलेल्यांना ती चहा, भजी, पिठलं-भाकरी देते. हिवाळ्यात मी लोहगड चढत असे तेव्हापासूनची आमची ओळख. माझ्याहून पंधराएक वर्षांनीच लहान, तरी मला मावशी म्हणते. तिचं वावर खाली आहे, भाताचं. त्या दिवशी ती एक गाठोडं घेऊन आली होती. त्या गाठोड्याचं पुढे सांगते.

"काय म्हनतंय पोरगं?" तिने विचारलं. मी जमेल तसं सांगितलं.

"आवो, ह्यात काय हाय एवढं! दोन बाया भात लावत्यात. हात लय चालतो त्यांचा, पर एका वाकन्यात रोपांचा एकच चूड टोचत्यात. पल्याड सहा बाया. त्यांचा हात जरा सावकाश, पर एका वाकन्यात तीन तीन चूड. आता कुनाचं वावर आदी उरकंल?"

"आणि कॅश?" मी फोनमध्ये विचारलं. तन्मय म्हणाला, लागणाऱ्या गोष्टी प्रोसेसरच्या अगदी हाताशी ठेवायची जागा, नाहीतर दर वेळी लांब मेमरीपर्यंत जावं लागतं.

"म्हंजी रोपांच्या मुठी," हौसा म्हणाली. "लावनीवाल्या बाईच्या म्होरं मुठी फेकून ठिवल्या, तर वाकल्याली बाई वाकूनच राहती. न्हाईतर दर बारीला बांधापतुर जावं लागतंय."

 फोनमधून तुझा आवाज : "आजी, या मावशी कुठे शिकवतात का?"

"शिकिवते की," हौसा ओरडली. "शनवार-रविवारी. गडावर उभं राहून गड कुटं हाय इच्यारनाऱ्या पोरांस्नी!"

तर, चाचण्या. ऋचाच्या पदवीदानाचा व्हिडिओ जुन्यावर लावला, तेव्हा ती हात पुढे करून थिजली आणि पदवी काही तिच्या हातात पडेना. नव्यावर ती घेऊनसुद्धा खाली उतरली. तुम्ही जन्मल्यापासून मी तुम्हाला लिहिलेली पत्रं नव्यावर उघडली, तर ओळीच्या ओळी चिनी-जपानीसारख्या दिसू लागल्या. इथे जुना जिंकला असं मी लिहिणार, तोच तन्मयने तिकडून काहीतरी पाठवलं आणि पाच मिनिटांत सगळी पत्रं नव्या फाँटमध्ये वाचता येऊ लागली. तो गुण नव्याला दिला. वीज गेली. वाऱ्यापावसात इथे ती जातेच. जुन्याने इन्व्हर्टरला शिट्टी मारायला लावली. नवा निम्मा दिवस गपचूप चालत राहिला. आवाज : जुना म्हणजे लांबवर चाललेली पिठाची गिरणी, नवा मुका. आठव्या दिवशी तक्त्यातल्या सगळ्या रकान्यांत नवा सरस होता. मी कुरकुर केली नाही. खाली लिहिलं, "नवा स्वीकारावा, जुना बाद." सही केली, तारीख घातली आणि तक्ता टेबलामागच्या भिंतीला चिकटवला. म्हाताऱ्या बायका जुन्याला कवटाळून बसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी येऊन तो वाचावा म्हणून मुद्दाम तिथे लावला.

जुना जुन्या चादरीत गुंडाळून खाटेखाली सरकवला. भंगाराची गाडी काही येईना. सुट्टीच्या दिवशी निघायची तर भुशी धरणावर जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, आणि इतर दिवशी त्यांना दुसरीकडे काम. आज येते, उद्या येते करत दोन महिने गेले.

आता गाठोड्याचं. मावळात भात कापलं की रानात जी ओल उरते, त्या ओलीवर वाल पेरतात. हौसाकडे जो वाल आहे तो तिच्या सासूकडून आलेला; बारीक, तपकिरी, कडवट. भिजवून, मोड आणून, सोलून डाळिंब्या केल्या की त्याला जो वास सुटतो तो बाजारच्या टपोऱ्या वालाला येत नाही. पण हे बी फाल्गुनात हाती येतं आणि कार्तिकात पेरायचं असतं. म्हणजे मध्ये अख्खा पावसाळा काढायचा. पूर्वी राखेत घोळून, फडक्यात बांधून, चुलीवरच्या शिंक्यात टांगत. चुलीची धग आणि धूर लागून बी कोरडं राही, किडा लागत नसे. मग हौसाकडे गॅस आला. चूल गेली याचं मला जराही वाईट वाटत नाही. धुराने तिचे डोळे सदा लाल असायचे, ते निवळले. पण गॅसची धग भांड्याखालीच संपते, वर शिंक्यापर्यंत पोचत नाही. पहिल्याच पावसाळ्यात तिचं निम्मं बी गेलं.

त्यानंतरच्या वर्षी ती भिजून माझ्याकडे आली असताना पदर वाळवायला जागा शोधत होती. घरभर हात लावत फिरली. टेबलाशी येऊन थांबली. कॉम्प्युटरच्या पाठीमागे हात धरला, मग वरच्या लाकडी फळीला हात लावला.

"मावशी! हितं तर चूल हाय की!"

दुसऱ्या आठवड्यात गाठोडं फळीवर आलं. तेव्हापासून दर वर्षी आषाढाच्या तोंडावर हौसा बी आणून ठेवते आणि दिवाळी झाली की नेते. त्या वर्षीही तिने ठेवलं. माझ्या चाचण्या चालू असताना, माझ्या डोळ्यांदेखत. त्या आठ दिवसांत जुना चालूच होता, त्यामुळे फळी गरम होती.

आणि माझ्या तक्त्यात, मुलांनो, सगळे रकाने होते. वेग, आवाज, वीज, आकार. धगीचा रकाना नव्हता.

गौरी विसर्जन झालं आणि दोन दिवसांनी हौसा आली. पिशवीत काकड्या होत्या. बोलता बोलता तिचा हात सवयीने वर गेला.

"मावशी, फळी गार हाय."

मी खाली वाकून नव्या डब्याकडे बघितलं, जणू तो काही उत्तर देणार होता. तो बंद होता. बंदच असायचा, कारण बटण दाबताच सुरू होतो म्हणून काम झालं की मी लगेच बंद करत असे. जुन्याला सुरू व्हायला एवढा वेळ लागायचा की सकाळी लावला की दिवेलागणीपर्यंत मी त्याला हात लावत नसे. त्याच्या संथपणामुळेच ती फळी दिवसभर गरम राहत होती. नवा चालू असतानाही त्याच्या पाठीशी हात धरला तर मांजराच्या श्वासाएवढी वाफ. चांगला प्रोसेसर म्हणजे थोड्या विजेत जास्त काम करणारा, आणि जी वीज कामी येते पण धगीत वाया जात नाही, तिचंच तर मी आठ दिवस कौतुक मोजलं होतं.

हौसाने गाठोडं उतरवून नाकाशी नेलं.  जमिनीवर वर्तमानपत्र पसरून गाठ सोडली. ओल्या पोत्यासारखा वास आला. बिया एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यांच्यावर पांढरं जाळं धरलं होतं, आणि मधूनमधून टाचणीने टोचल्यासारखी भोकं. तिच्या डोक्यावर भिंतीला माझा तक्ता, सहीसकट.

"हौसा, चूक माझी आहे."

"तुमची कशापायी? मशीनच गार निगालं."

"मशीन गार आहे हे मला ठाऊक होतं."

ती बोटांनी बिया सुट्या करत राहिली. मग थोडंसं हसली. "सासू असती तर पाठीत लाटनं घातलं असतं तिनं. म्हनली असती, बी कुनी दुसऱ्याच्या घरात ठिवतं का गं भवाने?"

मला ते लागलं. तिने मला बोल लावला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"दुसऱ्या कुणाकडे नसेल का वाडीत?"

"न्हाई वो. समदी बाजारचं आनत्यात. दोन वर्सांमागं म्या आमच्या जावंला दिल्तं, तिनं शिजवून खाल्लं." मग म्हणाली, "म्या बी काय म्हनू, ग्वाड लागतंय म्हनून तर खाल्लं तिनं. पर ह्ये गेलं की गेलं."

त्या दुपारी आम्ही दोघींनी एकेक बी निवडलं. माझा चष्मा, तिची नखं. संध्याकाळपर्यंत चांगलं दिसणारं बी दोन वाट्या निघालं. चांगलं दिसणारं; आतून कसं असेल ते दोघींनाही माहीत नव्हतं. पाऊस तर अजून महिनाभर हटणार नव्हता.

मी खाटेखालून जुना ओढला. हौसाने पुढून उचलला, मी मागून. फळीखाली ठेवला, वायर जोडली, बटण दाबलं. तीन लांब शिट्ट्या, आणि पडदा काळा. परत दाबलं. परत तीन शिट्ट्या. दोन महिने जमिनीशी, ओलीत पडून होता तो. मी बाद ठरवून तिथे घातलेला.

मग नवा सुरू केला. लायटर उचलायच्या आत तो तयार. त्याच्यावरून तन्मयला गाठलं, आणि तो लगेच मिळाला, चेहऱ्यासकट, एकदाही न थिजता. हेही नोंदवून ठेवते.

"आजी, मेमरी नीट बसलेली नाही. ओल धरली असेल. पण तू ते उघडू नकोस, शॉक बसेल."

"वायर काढलेली आहे. पुढचं सांग."

"अगं पण कशाला? वाल गरमच ठेवायचेत ना? एक चाळीसचा बल्ब लाव कपाटात."

हा उपाय लोणावळ्यात मी तुझ्या बाबांच्या जन्माच्या आधीपासून करत होते. कपड्यांच्या कपाटात दर पावसाळ्यात पिवळा बल्ब जळायचा. पण आमच्या बाजारात आता दुकानदार तारेचा बल्ब ठेवत नाहीत. सगळे एलईडी, थंडगार. हे तुला सांगताना मी मनातल्या मनात घरभर फिरून आले. चूल गेली. तारेचा बल्ब गेला. ज्या टीव्हीच्या पाठीवर मांजर झोपायचं तो गेला, नवा टीव्ही भिंतीला चिकटलेला आणि कागदासारखा चपटा, मांजर बिचारं झोपणार कुठे. एकेक वस्तू शहाणी होत गेली आणि एकेक ऊब घरातून गेली. प्रत्येक वेळी नवी वस्तू चांगलीच होती. मी स्वतः प्रत्येकीला पास केलं होतं. पावसाळ्यात ही सगळी वाया जाणारी धग माझ्या घरात किती कामं करत होती, हे त्यांपैकी एकीच्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

"बरं, मग नव्यालाच तापवू," तन्मय म्हणाला. "एक प्रोग्रॅम असतो, तो प्रोसेसरला दिवसभर नुसती गणितं करायला लावतो. पूर्ण ताकदीने. तापेल मस्त."

"कसली गणितं?"

"कसलीच नाही. उत्तर फेकून द्यायचं. नुसतं काम."

"काम नसताना काम केल्याचं सोंग? असली माणसं कारखान्यात पुष्कळ पाहिली मी. नको. जुना उघडते आहे, तू बघ."

तन्मयने बघितलं, जीव मुठीत धरून. हौसाने मोबाइलचा उजेड धरला. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांची पिवळी टोकं शाळेच्या खोडरबराने घासली, ही युक्ती तन्मयचीच. रंगाच्या मऊ ब्रशने पंख्यातली धूळ झाडली. पट्ट्या परत बसवल्या, खट्ट आवाज येईपर्यंत. बटण दाबलं.

एकच छोटी शिट्टी. मग गिरणीचा आवाज. गोल चक्र फिरू लागलं, फिरत राहिलं, आणि हौसा म्हणाली, "फिरू दे, फिरू दे. त्याला म्हनावं, घाई न्हाई."

दुसऱ्याच दिवशी भंगाराची गाडी आली! रेनकोटातले गृहस्थ, चांगले पन्नाशीचे, दारात उभे.

"आजी, जुना कॉम्प्युटर न्यायचाय. साहेबांनी बुकिंग केलंय."

"साहेब लोणावळ्यात राहत नाहीत. मी राहते."

"पण चालत नाही ना तो?"

"आत या, दाखवते." ते आत आले. मी त्यांचा ओला हात फळीला लावला. त्यांनी जरा वेळ तो तसाच ठेवला, मग दुसराही ठेवला. "बरं वाटतंय," म्हणाले. चहा घेऊन, एक बिघडलेली इस्त्री आणि बाद बॅटऱ्यांची पिशवी घेऊन गेले. मिलिंदला मी संध्याकाळी कळवलं. दोन वाक्यांत.

तुमचं म्हणणं मी खोडून काढत नाही. जुना पुष्कळ वीज खातो, पृथ्वीच्या दृष्टीने हे बरं नाही, असं ऋचाने मला नीट, न रागावता लिहिलं होतं. खरं आहे ते. म्हणून तो चारच महिने चालतो, हौसाचं गाठोडं फळीवर आलं की दिवाळीपर्यंत. इंटरनेटपासून मी त्याला तोडून टाकलं आहे, कारण त्याचं संरक्षण आता कुणी करत नाही. फोटो, बँक, तुमचे चेहरे हे सगळं नव्यावर. जुन्यावर मी फक्त लिहिते. लिहायला मला वेग लागत नाही. माझं एक वाक्य डोक्यात जुळेपर्यंत तो ठिपक्याएवढा प्रोसेसरसुद्धा कंटाळून बसलेला असतो. राहता राहिली वीज. ऋचा, तू वर्षाकाठी किती विमानं धरतेस हे मी कधी विचारलं आहे का?

त्या वर्षी कार्तिकात हौसा बी न्यायला आली. न्यायच्या आधी आम्ही पारख केली, तिच्या पद्धतीने. वीस बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळल्या, फडकं वाटीत, वाटी फळीवर. मी तक्त्यात मोडांचा नवा रकाना आखून ठेवला. चौथ्या दिवशी ती सकाळच्या पहिल्या गाडीने आली, टपरी जावेवर सोडून. मी वाटी धरली आणि तिने फडक्याची गुंडाळी उलगडली.

मोड आले होते. वीसपैकी बारांना. पांढरे, वाकडे, हट्टी. आठ बिया तशाच पडून होत्या.

"बारा," मी म्हणाले.

"लय झाले," हौसा म्हणाली, आणि पदराने तोंड पुसलं. मग त्या मोडाच्या बारा बिया तिने तोंडात टाकल्या नाहीत, परड्यात नेऊन लावल्या, आणि उरलेलं बी रानात पेरलं. त्या वर्षी वाडीत तिच्या घरी डाळिंब्या झाल्या नाहीत. आलेला सगळा वाल तिने बियालाच ठेवला. गेल्या पावसाळ्यात गाठोडं जेमतेम चार वाट्यांचं होतं. या वर्षी ते मोठ्या नारळाएवढं आहे आणि त्यातला एक वाटा जावेसाठी वेगळा बांधलेला आहे. वर हौसाने ताकीद दिली आहे : "शिजवलंस तर बघ!"

भिंतीवरचा तक्ता मी काढला नाही. "जुना बाद" हे शब्द मी सरळ रेघ मारून खोडले, खाली सही केली, तारीख घातली. चूक खोडायची ती अशी, की खालचं वाचता आलं पाहिजे. शेवटी आणखी एक रकाना वाढवला आहे : पाठीमागची धग. त्यात नव्याच्या नावापुढे शून्य आहे. तन्मय, तुझ्या आजच्या लांब पट्टीवाल्या प्रोसेसरपुढेही ते शून्यच पडेल, माझी खात्री आहे. कागद भरून पट्टी काढणाऱ्यांनी ती कुणाच्या फळीखाली ठेवून काढलेली नसते.

मागच्या मंगळवारी हौसा आली, भिजलेली. गाठोडं चाचपून बघितलं. मग अंगात कणकण असलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिने जुन्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तापलाय," म्हणाली. "असाच राहू दे."

तेव्हा तन्मय, तुझा नवा प्रोसेसर पाठवायचा असेल तर पाठव. मी त्याची चाचणी घेईन, पुरे आठ दिवस, आणि खरे आकडे लिहीन. टेबलावर जागा आहे. फळीखाली नाही.